खिशातली पुडी आणि कलम ६४ अ

एसटीत रेंज जाते, शेजारी वडील बसलेले असतात, नाहीतर डेटा संपलेला असतो, म्हणून ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फार साफसफाई केलेली नाही.

विषय ड्रग्जचा आहे. पण ड्रग्ज वाईट, व्यसन करू नका, हे भाषण आपण सगळ्यांनी शाळेत २६ जूनला उन्हात उभं राहून ऐकलंय. ते मी करणार नाही. मला बोलायचंय ते पकडल्यानंतर काय होतं त्यावर.

मी कराडचा, शिकलो सांगलीत. त्यामुळे गेल्या दोन वर्षांत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ज्या बातम्या येतायत त्या सगळ्या ओळखीच्या गावांच्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी एमडीचं मोठं रॅकेट उघडलं, त्याचा धागा कुरकुंभच्या एमआयडीसीतून थेट आमच्या कुपवाडला आला. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मुंबई क्राइम ब्रँचने एमडीचा कारखाना पकडला, शंभर किलोच्या वर माल. इरळी! जिथे लोक द्राक्षाच्या दराची आणि म्हैसाळच्या पाण्याची चर्चा करतात, तिथे. मग जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसी. आणि डिसेंबर २०२५ मध्ये साताऱ्यात, जावळीतल्या सावरीला.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. पोरं त्याला म्याँव म्याँव पण म्हणतात. भारतात २०१५ पर्यंत हे बंदीच्या यादीतच नव्हतं, त्या वर्षी फेब्रुवारीत ते एनडीपीएस कायद्याखाली आलं. शेतात पिकवावं लागत नाही, केमिकल पाहिजे, शेड पाहिजे आणि वास कुणाच्या नाकात जाणार नाही अशी जागा पाहिजे. अशी जागा आपल्याकडे भरपूर. असे कारखाने पकडलेच पाहिजेत, त्यात माझं दुमत नाही. शंभर किलो एमडी बनवणाऱ्याला कोर्टाने काय शिक्षा द्यायची ती द्यावी, मी त्याच्यासाठी एक शब्द बोलणार नाही.

मी बोलतोय साखळीच्या दुसऱ्या टोकाच्या पोराबद्दल. ज्याच्या खिशात एक पुडी आहे.

आमच्या बॅचच्या एका दोस्ताचं सांगतो. नाव, गाव काही सांगणार नाही. पोरगा हुशार, कॅम्पसमधून नोकरी लागली, पुण्यात आला. वडील साखर कारखान्यात क्लार्क, आई घरी, धाकटी बहीण बीएससीला. पुण्यात नाइट शिफ्ट, मग वीकेंड, मग एमडी. दीड वर्षात पोरगं वाळून काठीसारखं झालं. झोप नाही, चार चार दिवस जागा, मग दोन दिवस मेल्यासारखा झोपणार. एका रात्री त्याच्या बहिणीचा मला फोन आला. रडत नव्हती, एकदम बारीक आवाजात विचारत होती, "दादा, ह्याला दवाखान्यात नेलं तर केस होईल का?"

थांबा इथे जरा. पोरगं छाती धरून बसलंय, घाम फुटलाय, आणि घरच्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न हृदयाचा नाही, पोलीस स्टेशनचा आहे. आई म्हणत होती सकाळपर्यंत बघू. वडील म्हणत होते, गावात कळलं तर पोरीचं लग्न कसं होणार. आम्ही त्याला नेलं, तो वाचला, आज नीट आहे, चहासुद्धा दोन कपाच्या वर पीत नाही. पण त्या घरात पाऊण तास फक्त ह्या चर्चेत गेला. तो पाऊण तास मला डोक्यातून काढता येत नाही, म्हणून मी कायदा वाचायला बसलो. इंजिनिअरची सवय, सिस्टिम बिघडली की आधी डॉक्युमेंटेशन उघडायचं.

तर एनडीपीएस कायदा १९८५ चा. २००१ मध्ये त्यात बदल करून शिक्षा मालाच्या वजनावर ठरवली. अल्प, मधलं आणि व्यापारी असे तीन टप्पे. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोला व्यापारी. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत अल्प. एमडी दोन ग्रॅमपर्यंत अल्प, आणि पन्नास ग्रॅमला व्यापारी, म्हणजे दहा ते वीस वर्षं. इथपर्यंत कायद्याला कळतंय की विकणारा वेगळा आणि ओढणारा वेगळा.

पण आता गंमत ऐका. गांजाची पुडी खिशात सापडली तर शिक्षा एक वर्षापर्यंत. तोच गांजा तुम्ही ओढून संपवलाय आणि नुसतं सेवनाचं कलम लागलं, कलम २७, तर सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे पोलीस दिसल्यावर पोराने काय करावं असं कायदा सुचवतोय, तुम्हीच बघा. आणि होळीला जी भांग घोटतात ती ह्या कायद्यात गांजाच्या व्याख्येत बसतच नाही, कारण नुसती पानं त्यातून वगळलीयत. झाड एकच. शेंड्याला तुरुंग, पानाला थंडाई.

आता मुख्य मुद्दा. ह्याच कायद्यात एक दार आहे, कलम ६४ अ. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प मालाचा आरोप असेल, आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. आणखी एक कलम ३९, त्यात कोर्ट शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. म्हणजे जेलऐवजी दवाखाना ही काही परदेशातून आणलेली फॅशन नाही, आपल्या पुस्तकात छापलेली गोष्ट आहे.

मग हे वापरतं कोण? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीने पंजाबमधले २०१३ ते २०१५ चे हजारो खटले तपासले. पंजाब, जिथे ड्रग्जवर सिनेमा निघाला, निवडणुका झाल्या. त्यात कोर्टाने व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलेला एकही माणूस सापडला नाही. एकही नाही!

का होतं असं? पहिलं म्हणजे ज्याला पकडलंय त्याला हे कलम कुणी सांगत नाही. त्याला सांगतात, गुन्हा कबूल कर, दंड भर, सूट. पोरगं घाबरलेलं असतं, वडिलांना कळू नये एवढीच इच्छा असते, ते सही करतं. मोकळं होतं. आणि मग दोन वर्षांनी कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन येतं, त्यात कोर्ट रेकॉर्ड चेक नावाचा एक कॉलम असतो. आपल्या फील्डमधल्यांना माहितीये तो कॉलम काय करतो. पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन वेगळंच.

दुसरं, हे कलम फक्त व्यसनी माणसासाठी आहे. ज्याने मित्रांच्या नादाने दोनदा ओढलं, ज्याला व्यसन नाहीच, त्याला उपचार कसले देणार? म्हणजे जास्त आजारी असाल तर निदान कागदावर वाट आहे, कमी आजारी असाल तर तीही नाही.

आणि तिसरं मला सगळ्यात खटकतं. उपचार पूर्ण केले नाहीत तर मिळालेलं संरक्षण काढून घेता येतं. आता व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, घसरणं हा ह्या आजाराचाच भाग आहे. माणूस सुटतो, पडतो, परत उठतो. आमच्या दोस्तालाही दोनदा ॲडमिट व्हावं लागलं. शुगर वाढली म्हणून डायबेटिसच्या पेशंटला कुणी कोर्टात उभं करत नाही.

बरं, व्यसन हा आजार आहे हे आता माझं मत राहिलेलं नाही, कायदा म्हणतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा काढून बघा. मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जमुळे होणारी स्थिती सरळ लिहिलीये. पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय. आणि त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे बघायची नजर बदलली. आधी जीव वाचला की पोलीस यायचे, आता कायदा धरून चालतो की हा माणूस प्रचंड ताणात होता, त्याला मदत द्या. तेव्हाही लोक म्हणाले होते की शिक्षेची भीती गेली तर कसं होणार. म्हणजे एकाच देशात एक कायदा त्याच पोराला पेशंट म्हणतो आणि दुसरा आरोपी म्हणतो. कोडमध्ये एकाच व्हेरिएबलला दोन टाइप दिले तर कंपायलर ओरडतो. इथे ओरडायला कंपायलर नाही.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेही ऑक्टोबर २०२१ मध्ये सुचवलं होतं की स्वतःपुरता थोडा माल बाळगणाऱ्याला गुन्हेगार धरू नये, उपचाराला पाठवावं. त्याच महिन्यात मुंबईच्या क्रूझची केस टीव्हीवर चोवीस तास चालू होती. त्या आरडाओरड्यात ही बातमी कुणाला दिसली असेल असं वाटत नाही.

आता उलट बाजू. माझी आई हा विषय निघाला की म्हणते, "भीती गेली की पोरं सर्रास ओढतील." तिची काळजी खोटी नाही, म्हणून मी दोन जागी शोधलं.

पोर्तुगालने जुलै २००१ पासून स्वतःपुरता, साधारण दहा दिवसांचा माल बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. कायदेशीर केलं नाही हां, विकणं तिथेही गुन्हाच आहे. पकडलेला माणूस कोर्टाऐवजी एका समितीपुढे जातो, तिथे कायद्याचा, समाजकार्याचा, मानसशास्त्राचा माणूस बसतो, आणि ते ठरवतात की ह्याला उपचार पाहिजेत, ताकीद पुरे की दंड. सोबत त्यांनी उपचारावर पैसा ओतला. सुयांमधून पसरणारा एचआयव्ही तिथे जोरात खाली आला, आणि सगळा देश नशेत बुडाला असं काही झालं नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगनचं, आणि ते माझ्या बाजूचं नाही, तरी सांगतो. त्यांनी २०२० मध्ये मतदान घेऊन हेच केलं. पकडलं की शंभर डॉलरची पावती, आणि हेल्पलाइनला फोन केला तर तीही माफ. फोन फारच थोड्यांनी केले. उपचार केंद्रांचा पैसा पोचायला उशीर झाला, त्यात फेंटानिल आलं, लोक वैतागले आणि सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं परत गुन्हा झालं. मला त्यातून कळलं ते एवढंच की कायद्यातून कलम काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. उरलेलं काम खाटांचं, डॉक्टरांचं आणि समुपदेशकांचं आहे, आणि ते आधी उभं नसेल तर नुसती पावती फाडून काही होत नाही.

आणि आईला मी अजून एक सांगितलं. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. खरंच लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. आपल्या भावकीतल्या किती जणांकडे आहे? कुणीच आत गेला नाही. आपण दारूड्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेतो, बाटली आडवी करायला गावातल्या बायका मतदान करतात, दुकान बंद पाडतात. पिणाऱ्या नवऱ्याला जेलमध्ये टाका असं त्या म्हणत नाहीत, कारण मग घर कोण चालवणार हे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. आई ह्यावर काही बोलली नाही, कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. पटलं असं मी समजत नाही.

खाटांचंच बोलायचं तर आपल्या भागाला हे काम नवीन नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन संस्था आहे, अंधश्रद्धा निर्मूलनापलीकडचं त्यांचं हे काम बऱ्याच जणांना माहीत नसतं. मिरजेत डॉक्टरकी शिकलेला माणूस, व्यसनाकडे डॉक्टरसारखाच बघायचा. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण काढलं, गर्दच्या लाटेत, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने. तेव्हा गर्द होती, आता एमडी आहे.

पण फरक आहे तो नीट समजून घ्या. गर्द किंवा हेरॉइनच्या पेशंटला ब्युप्रेनॉर्फिनसारखी गोळी देऊन सांभाळता येतं. एमडीला तसं पर्यायी औषध नाही. तिथे झोप लावायची, डिप्रेशन सांभाळायचं, महिनोन् महिने समुपदेशन करायचं, घरच्यांना शिकवायचं, असं वेळखाऊ काम आहे. म्हणजे माणसं लागणार, नुसती औषधं पाठवून भागणार नाही. आणि एम्सचा २०१९ चा देशव्यापी अहवाल सांगतो की बेकायदा ड्रग्जच्या विळख्यात अडकलेल्या वीस जणांमागे एकालाच कधीतरी कसलीतरी मदत मिळालीये. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ शोधून बघा, मग हा आकडा का आहे ते कळेल.

म्हणून माझं मत. अल्प माल, स्वतःपुरता, विकण्याचा पुरावा नाही, तर एफआयआर नको. नोटीस द्या, जिल्हा रुग्णालयात तपासणीला पाठवा. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदासुद्धा. आणि पोलिसांचा तो वाचलेला वेळ इरळीसारख्या शेडमागे लावा. तोवर निदान ६४ अ पोलीस स्टेशनच्या भिंतीवर मराठीत लावायला कायदा बदलावा लागत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आत्ता हे चालू असेल तर दोन गोष्टी लिहून घ्या. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, फोनला पैसे पडत नाहीत. आणि कुणी पकडला गेला असेल तर घाईने गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला कलम ६४ अ विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, सातारा आणि सांगली दोन्हीकडे आहे. छातीत दुखत असेल, पोरगं शुद्धीत नसेल, तर हे काहीच विचारत बसू नका, १०८ लावा.

त्या बहिणीने मला हा भाग टाकायला परवानगी दिली, एका अटीवर, की तिच्या भावाला ऐकवून मगच टाकायचा. त्याने ऐकला. म्हणाला, दोन कप नाही रे, तीन पितो. पुढच्या रविवारी भेटू.