गंजलेल्या खेळण्याचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताच देवालये, घाट, धर्मशाळा आणि किल्ले डोळ्यांपुढे उभे राहतात. तळहातावर सहज मावणाऱ्या एका खेळण्यालाही तो लावावा, हे कित्येकांस प्रथमदर्शनी अतिशयोक्तीचे वाटेल. तथापि जुन्या वस्तूंविषयी मनुष्याने कोणते धोरण ठेवावे, हा प्रश्न मोठ्या वास्तूपेक्षा लहान वस्तूत अधिक स्पष्ट दिसतो. कारण तेथे सर्व काम एकाच माणसाच्या हातून होते, आणि झालेल्या चुकीचे खापर फोडण्यास कोणी कंत्राटदार सापडत नाही.

हे खेळणे म्हणजे खाचेतून धावणारी विजेची मोटार. इंग्रजीत तिला स्लॉट कार म्हणतात. मेजावर किंवा जमिनीवर मांडलेल्या रस्त्यात एक अरुंद खाच असते. खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या असतात व त्यांतून साधारणतः १२ व्होल्टचा प्रवाह गाडीला मिळतो. गाडीच्या पोटाखालचा एक लहानसा भाग खाचेत उतरून तिला मार्ग दाखवितो, आणि खेळणारा हातातील नियंत्रकाने तिचा वेग कमीअधिक करतो. सुकाणू फिरविण्याचे काम त्यास नसते. परंतु वळणावर वेग आवरता आला नाही, तर गाडी खाच सोडून बाहेर फेकली जाते. ह्या खेळातील सारी मौज आणि सारे शिक्षण एवढ्या एका गोष्टीत आहे.

विजेवर चालणाऱ्या शर्यतीच्या खेळण्यांचा आरंभ अमेरिकेत लायोनेल ह्या कंपनीने १९१२ सालीच केला होता. परंतु आज ज्या स्वरूपात हा खेळ ओळखला जातो, ते स्वरूप इंग्लंडात सिद्ध झाले. फ्रेड फ्रान्सिस ह्या इंग्रज यंत्रकाराने १९४७ साली मिनिमॉडेल्स ही कंपनी काढली आणि १९५२ साली चावीवर धावणाऱ्या पत्र्याच्या मोटारी ‘स्केलेक्स’ ह्या नावाने बाजारात आणल्या. पुढे चावीच्या जागी विजेची मोटार बसवून, ‘स्केलेक्स’ व ‘इलेक्ट्रिक’ ह्या दोन शब्दांच्या सांध्यातून ‘स्केलेक्स्ट्रिक’ हे नाव तयार झाले. १९५७ साली हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांनी प्रथम पाहिली. मागणी इतकी वाढली की, १९५८ साली तो धंदा लाइन्स ब्रदर्स ह्या मोठ्या कंपनीच्या हाती गेला. १९६० साली पत्र्याच्या जागी प्लॅस्टिकची अंगे आली. त्याच दशकात अमेरिकेत ह्या खेळाची लाट उसळली. भाडे भरून आपली गाडी पळविता येईल अशा मोठमोठ्या मार्गांची दालने गावोगावी उघडली, आणि ते दशक संपण्यापूर्वीच ती लाट ओसरलीही. त्या काळच्या असंख्य गाड्या मग माळ्यावर, तळघरात किंवा मोटारखान्याच्या कोपऱ्यात जाऊन पडल्या. आता त्या पेट्या उघडू लागल्या आहेत, आणि पेटीतून बाहेर येणारी गाडी पुष्कळदा गंजलेली असते.

गाडीचे रूप तिच्या वरच्या अंगात असले, तरी तिचा प्राण तिच्या सांगाड्यात, म्हणजे चासीत असतो. मोटार, आस, दातेरी चाके आणि खाचेत उतरणारा मार्गदर्शक ही सर्व ह्याच सांगाड्यावर बसतात. सांगाडा अर्ध्या मिलिमीटरने पिळवटला, तरी चारांपैकी एक चाक अधांतरी राहते व गाडी वळणावर डळमळते. हे सांगाडे मुख्यत्वे तीन प्रकारचे आढळतात: कथलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचे, साच्यात दाबून घडविलेल्या व जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे, आणि पितळी नळ्या व पियानोच्या तारेसारखी कठीण पोलादी तार डाख देऊन जोडलेले. ह्या तिघांचा गंज दिसावयास सारखा, परंतु स्वभावाने निराळा आहे, आणि उपचारापूर्वी हा भेद ओळखणे हेच अर्धे काम होय.

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज उत्पन्न होतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, पापुद्रे सोडतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पाडतो. मुलाम्याचा हेतू ही भेट टाळणे हा असतो. परंतु कथील व जस्त ह्यांच्या वागणुकीत मोठे अंतर आहे. जस्त लोखंडापूर्वी स्वतः झिजते. ओरखडा पडला, तरी आजूबाजूचे जस्त आपला बळी देऊन लोखंड काही काळ राखते. कथलाचे उलट आहे. जोवर कथलाचे आवरण अखंड, तोवर पत्रा सुरक्षित. परंतु एकदा का त्यास चीर पडली, की त्या चिरेतील लोखंड एरवीपेक्षाही लवकर गंजू लागते. म्हणून पत्र्याच्या जुन्या गाडीवर एका ओरखड्याभोवती खोल खड्डा आणि शेजारी चकचकीत पृष्ठभाग असे चित्र दिसते. तारेच्या सांगाड्यात रोगाचे मूळ बहुधा सांध्यापाशी असते. डाख देताना वापरलेल्या आम्लयुक्त द्रवाचा अंश धुऊन काढला नसेल, तर तोच पुढे वर्षानुवर्षे तार खात बसतो.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे काहीही न करणे. गाडी सर्व बाजूंनी नीट पाहावी, तिची छायाचित्रे घ्यावी, कोणता स्क्रू कोठला आणि कोणती तार कोणत्या टोकास हे कागदावर लिहून ठेवावे. त्यानंतर अंग, चाके, टायर व मोटार वेगळी करावी. अडकलेल्या स्क्रूवर बळ न चालविता पातळ तेलाचा थेंब सोडून एक रात्र थांबावे. मऊ स्क्रूची खाच एकदा झिजली म्हणजे त्यास बाहेर काढणे फार अवघड होते. मोटार वेगळी करण्याचे विशेष कारण आहे. तिच्या पोटात चुंबक असते, आणि घासण्यातून उडालेली लोखंडाची बारीक पूड त्यास चिकटली, तर ती पुन्हा निघणे कठीण. शिवाय काही जुन्या मोटारींतील चुंबके अल्निको ह्या मिश्रधातूची असतात; ती आपल्या जागेवरून तशीच मोकळी उपटली, तर त्यांचे बळ घटते. म्हणून कारणाशिवाय मोटार उकलू नये.

सांगाडा सुटा झाला की रॉकेलने जुने चिकट तेल काढावे. हलका गंज पितळी ब्रशाने किंवा बांबूच्या तासलेल्या काडीने निघतो. पुष्कळ उत्साही लोक येथेच काचकागद हाती घेतात आणि येथेच सर्वांत मोठी हानी होते. काचकागदास गंज कोणता व मुलामा कोणता हे कळत नाही. तो दोन्ही खरवडतो, आणि त्यांच्याबरोबर कारखान्याच्या साच्याच्या खुणा, पत्र्यावर उमटविलेली अक्षरे व मूळ कडाही नेतो.

आम्लाचा मार्ग सर्वांस परिचित आहे. सिरका किंवा सायट्रिक आम्लाचे सौम्य पाणी गंज विरघळविते. परंतु ते जस्ताचा मुलामाही झपाट्याने खाते. म्हणून जेथे मुलामा शाबूत आहे, तेथे ते वापरू नये. कठीण पोलादी तारेस दुसरे भय आहे. आम्लाच्या क्रियेत निघणारा हायड्रोजन अशा पोलादात शिरून त्यास ठिसूळ करू शकतो. वरून निरोगी दिसणारी तार मग किंचित वाकविताच तुटते.

साध्या पोलादी सांगाड्यावर गंज खोल गेला असेल, तर विद्युत्‌विश्लेषणाचा उपाय फार उपयोगी पडतो. प्लॅस्टिकच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवावा. एका बाजूस टाकाऊ लोखंडाचा तुकडा व दुसऱ्या बाजूस सांगाडा, परस्परांस न लागतील असे टांगावे. कमी दाबाच्या एकदिश प्रवाहाचे ऋण टोक सांगाड्यास आणि धन टोक टाकाऊ लोखंडास जोडावे. ही जोडणी उलटली तर झीज गंजाची न होता सांगाड्याचीच होईल. काही तासांत गंज सैल होऊन काळसर गाळासारखा सुटतो, आणि खालचे निरोगी लोखंड जवळजवळ अबाधित राहते. घरातील विजेचा प्रवाह थेट कधीही वापरू नये. ह्या क्रियेत स्फोटक वायू निघत असल्याने खोली हवेशीर असावी व जवळ ठिणगी नसावी. धन टोकास स्टेनलेस पोलाद लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियमचे भाग सोड्याच्या पाण्यात खाल्ले जातात, रंगही सुटतो. पोलादी तारेला येथेही हायड्रोजनचे भय आहेच. तिच्यासाठी हाताने सावकाश घासणे, अथवा केवळ गंजातील लोह धरून ठेवणारे, आम्लरहित तयार द्रावण वापरणे हेच बरे.

गंज काढून टाकण्याऐवजी त्याचेच रूप पालटण्याचाही एक मार्ग आहे. टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून निळसर काळे, स्थिर असे आवरण तयार करते. हे रसायन ह्या देशास नवीन नाही. कापड रंगविणारे कारागीर हिरड्यातील ह्याच जातीच्या द्रव्याचा लोहाशी संयोग घडवून काळा रंग काढीत आले आहेत. फॉस्फरिक आम्लाने लोहाचा फॉस्फेट बनतो, व तोही पुढच्या गंजास आडवा येतो. दिल्लीतील मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या टिकाऊपणाचे एक मुख्य कारण त्याच्या लोखंडात असलेला अधिक फॉस्फरस व त्यामुळे पृष्ठभागावर जमलेले संरक्षक कवच हेच होय, असे धातुशास्त्रज्ञांनी दाखविले आहे.

उपाय कोणताही योजला, तरी शेवटी सांगाडा स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ कोरडा करावा. नुकतेच उघडे पडलेले लोखंड ओले राहिले, तर पाहता पाहता त्यावर नवी तांबूस छटा चढते. कोरडा झाल्यावर मेणाचा किंवा तेलाचा पातळ थर द्यावा. मात्र वीज वाहून नेणाऱ्या जागा मोकळ्या ठेवाव्या. मग जाड काचेच्या सपाट तुकड्यावर सांगाडा ठेवून तो कोठे उचलला जातो ते पाहावे, आणि बोटांच्या दाबाने थोडा थोडा सरळ करावा. सुटलेले सांधे नव्याने डाख देऊन जोडावे, व ह्या वेळी सांधा धुण्यास विसरू नये.

ह्यानंतर खरा कठीण प्रश्न उभा राहतो: थांबावे कोठे? गंज गेला, तरी खड्डे राहतात. ते भरून, घासून, नवा मुलामा चढवून गाडी दुकानातल्यासारखी करता येते. महाराष्ट्रातील कित्येक जुन्या देवळांचा जीर्णोद्धार भक्तीने, परंतु तैलरंगाच्या डब्याने झालेला आहे; कोरीव दगडावर जाड रंगाचे थर बसून मूर्तीच्या भुवया आणि बोटेही त्यात बुडाली आहेत. हेतू शुद्ध असूनही साक्ष पुसली गेली. १९६४ साली व्हेनिस येथे वास्तूंच्या जतनासंबंधी जी सनद संमत झाली, तिचा एक मुख्य आशय असा की, जेथे पुरावा संपून तर्क सुरू होतो, तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. एवढ्याशा सांगाड्यासही हा नियम लागू पडतो. गंज हा रोग आहे, म्हणून तो काढावा; परंतु झिजलेली कड, कोणा मुलाने वळणावर आपटून पाडलेला पोचा, कोणी हौशी माणसाने घरीच दिलेला ओबडधोबड डाख, हे त्या वस्तूचे चरित्र आहे.

ह्याचा अर्थ गाडी काचेच्या कपाटात निजवून ठेवावी, असा मुळीच नव्हे. धावणे हा तिचा धर्म आहे; जी धावू शकत नाही, ती अर्धीच वाचली. म्हणून जो भाग कामास सर्वथा निरुपयोगी झाला, तो बदलावाच. मात्र बदललेला जुना भाग फेकून न देता पाकिटात घालून गाडीबरोबर ठेवावा, आणि काय काढले, काय नवे घातले व कोणते द्रावण वापरले ह्याची चिठ्ठी त्यात जोडावी. जुन्या गाड्यांस आता चांगली किंमत येते, आणि नवा सांगाडा जुना म्हणून खपविण्याचा मोह त्याबरोबर येतो. दुरुस्ती लपविली की ती फसवणूक होते. तीच उघड सांगितली की वस्तूच्या इतिहासातील आणखी एक प्रामाणिक प्रकरण ठरते.

सर्व जुळणी झाल्यावर मोटारीच्या आसास तेलाचा एकेकच थेंब द्यावा, प्रथम चाके अधांतरी ठेवून कमी व्होल्टवर ती फिरवून पाहावी, वास किंवा धूर येत नाही ह्याची खात्री करावी, आणि मगच गाडी रस्त्यावर ठेवावी. पहिले काही फेरे सावकाश घ्यावे. पहिल्याच वळणावर गाडी खाचेबाहेर गेली, तरी खिन्न होण्याचे कारण नाही. ती नवी कोरी होती तेव्हाही तेच करीत असे.