विडी सोडताना दवाखान्याची साथ

खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रश्न आवर्जून विचारायला हवा: सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर निकोटिनची पकड घट्ट आहे. अशा माणसाला नुसतं ‘सोडा’ म्हणून भागत नाही.

त्याच्याशी बोलून सोडायची तारीख ठरवावी, केसपेपरवर लिहावी. पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. हा त्रास साधारण ३-४ आठवड्यांत ओसरतो, हे आधीच सांगितलं तर माणूस धीर धरतो. निकोटिनचं च्युइंगम दिलं, तर ते घ्यायचं कसं हेही दाखवावं. सावकाश चावायचं, चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं, मग पुन्हा चावायचं. भराभर चघळलं की उचकी लागते, मळमळतं, आणि लोक ते टाकून देतात.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती नंतरची विचारपूस. आशाताईंनी जाता जाता ‘काका, कसं चाललंय?’ एवढं विचारलं, तरी केवढा आधार वाटतो! मध्येच एखादी विडी ओढली गेली, तर रागावू नये; नवी तारीख ठरवावी. फोनवरून मोफत सल्ल्यासाठी सरकारी क्रमांक आहे १८००-११-२३५६.