४० दाते आणि ४४ दाते



‘नोकरीबाहेर काय करतेस त्यावर बोल,’ असं संयोजकांनी बजावलंय. तेव्हा सॉफ्टवेअर बाजूला ठेवून मी गाडीच्या मागच्या चाकांवर बोलणार आहे. हसून घ्या!

मी स्टुटगार्टजवळ राहते. शेजारच्या आजोबांकडे १९७३ सालची पोर्शे ९११ आहे. त्यांना आता बारीक खुणा दिसत नाहीत, म्हणून शनिवारी मोजपट्टी माझ्या हातात असते. यंदा काम जास्तच जपून करायचं होतं, कारण गाडी नातीला द्यायची होती. तिला नुकतंच लायसन्स मिळालंय.

या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि ते जड शेपूट बाहेर फेकलं जातं. नवखा माणूस घाबरला की नेमका पाय उचलतो. कंपनीने १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली, त्याने हा स्वभाव निवळला, पण गेला नाही. म्हणून मागची चाकं पुढच्या कडेला किंचित आत वळलेली हवीत. याला टो-इन म्हणतात. ती बाहेर वळलेली असतील तर शेपटाला आमंत्रणच.

पण टो शेवटी. आधी गाडीची उंची, कारण उंची बदलली की चाकाचे सगळे कोन बदलतात. इथे गुंडाळीची स्प्रिंग नाही, पीळ खाणारी पोलादी सळई आहे. तिच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतलं टोक एक दाता फिरवलं की ९ अंश, बाहेरचं एक दाता उलटं फिरवलं की ८.१८. उरतो ०.८२ अंश. ओळखलंत? आपल्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर! मी गाडीखाली आडवी पडून एकटीच हसत होते.

मग कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आणि टो. दोघांचे बोल्ट वेगळे, पण एक फिरवला की दुसऱ्याचं माप बिघडतं, म्हणून आलटून पालटून करायचं. मोजायला दोन्ही बाजूंनी गाडीच्या मध्यरेषेला समांतर दोरा ताणायचा. तो चाकांना टेकवून चालत नाही, कारण पुढच्या दोन चाकांतलं अंतर आणि मागच्या दोन चाकांतलं अंतर सारखं नसतं. दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर घ्यायचं. १० मिनिटांचा कोन म्हणजे १५ इंची रिमवर जेमतेम सव्वा मिलिमीटर. बोल्ट आवळताना तेवढंही सरकतं. आवळायचं, गाडी पुढे-मागे ढकलायची, पुन्हा मोजायचं. लेझर यंत्र हे पटकन करतं, पण कोणता बोल्ट कोणाला ओढतो ते मला दोऱ्यानेच शिकवलं.

आम्हाला तीन शनिवार लागले. नात पहिल्यांदा निघाली तेव्हा आजोबा शेजारी बसले होते. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात पाय उचलायचा नाही, एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं.

त्या दात्यांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत. चहाच्या वेळी दाखवते.