पडण्याची विद्या
(महिला मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



१८८२ साली जिगोरो कानो यांनी टोकियोत ज्युदोची पायाभरणी केली. या विद्येचा पहिला पाठ कोणता? पाडण्याचा नव्हे, पडण्याचा!

जपानच्या रयोको तामुराने तो आचरून दाखविला. उंची अवघी १४६ सेंटिमीटर, वजनगट ४८ किलो. १९९२ व १९९६, दोन्ही ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पराभव. दुसरा तर सोळा वर्षांच्या कोरियन मुलीकडून. तरीही २००० साली सिडनीत सुवर्ण. विवाहानंतर, २००४ साली अथेन्समध्ये पुन्हा सुवर्ण. २००५ अखेर ती माता झाली आणि २००७ साली सातव्यांदा जगज्जेती!

‘संसार झाला, आता खेळ पुरे’ असे लेकी-सुनांना सांगण्यापूर्वी आपण हे चरित्र आठवावे. शक्तीची उपासना केवळ नवरात्रापुरती नसते.