एक टॅप राहिला, त्याची गोष्ट

हेडफोन घातलेत ना? आजचा एपिसोड छोटासाच आहे. एका शनिवारी सकाळी माझ्याकडून मोबाईलवर एक टॅप करायचा राहिला, त्याची ही गोष्ट.

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या शिकायला इंग्लंडमध्ये आहे. सातारा म्हटलं की लोक लगेच विचारतात, "मग हिल मॅरेथॉन पळतोस का?" खरं सांगू? नाही. मी कायम रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवणाऱ्यांतला. त्यामुळे इथे एक मैत्रीण 'पार्करन'ला चल म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, "पळणार नाही. पण काहीतरी काम दे."

पार्करन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. दर शनिवारी सकाळी बागेत पाच किलोमीटर. पळा नाहीतर चाला, फी शून्य. एकदा नाव नोंदवायचं आणि दर वेळी आपला बारकोड घेऊन यायचं. पॉल सिंटन-ह्युइट यांनी २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये याची सुरुवात केली. पहिल्या दिवशी पळायला १३ जण होते आणि मदतीला ५. नंबर म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वाटायचे! गंमत म्हणजे आपली मुंबई मॅरेथॉनही २००४ चीच. पण तिथे बिबला चिप असते, मॅटवरून गेलात की वेळ आपोआप नोंदली जाते. इथे चिप नाही, इथे वेळ माणूस मोजतो. आणि त्या शनिवारी तो माणूस मी होतो.

काम ऐकायला एकदम सोपं. ॲप उघडायचं, कुणी रेषा ओलांडली की टॅप करायचं. ॲपला कुणाचं नाव माहीत नसतं. पहिला इतक्या मिनिटांनी आला, दुसरा इतक्या, एवढंच त्याला कळतं. रेषेच्या पुढे दोऱ्या बांधून एक अरुंद वाट केलेली असते. आलेल्या क्रमानेच लोक तिच्यातून पुढे जातात आणि टोकाला त्यांना नंबरचं टोकन मिळतं. मग आणखी एक जण तुमचा बारकोड आणि टोकन दोन्ही स्कॅन करतो. नंतर जोड्या लागतात. ५७ नंबरचं टोकन ज्याच्याकडे, त्याला माझ्या यादीतली ५७ वी वेळ.

आता विचार करा, मधेच एक टॅप राहिला तर? तर ५७ व्याला ५८ व्याची वेळ मिळते, ५८ व्याला ५९ व्याची. मागचे सगळे एकेक घर सरकतात. लग्नाच्या पंगतीत एक पान वाढायचं राहिलं, तर निदान त्या पाहुण्याला तरी कळतं. इथे कुणालाच कळत नाही.

त्या दिवशी दुसरा टायमर आला नव्हता, त्यामुळे मी एकटाच. सुरुवातीचे जोरात पळणारे आले, छान नोंदवले. नव्वदाव्या माणसाला टोकनवाल्या बाईंना विचारून आकडा जुळवून पाहिला. बरोबर! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतोय, तेवढ्यात स्क्रीनवर काय आलं असेल?

आईचा व्हिडिओ कॉल.

नोव्हेंबर महिना. इथे साडेनऊ वाजत आलेले, म्हणजे साताऱ्यात दुपारचे तीन. आई जेवणं आवरून निवांत बसलेली. माझ्याच फोनवर ॲप आणि त्याच्यावर आईचा चेहरा! मी कॉल कट केला. सेकंदभराचंच काम. वर बघतो तर एकाच क्लबचे टी-शर्ट घातलेले तिघं हसत रेषेच्या पार. मी पटापट टॅप केले. दोन केले की तीन? आठवेना.

पहिला विचार काय आला, सांगू? एक जास्तीचा टॅप करून टाकावा. पण आधीच तीन झाले असतील, तर नवाच घोळ. दुसरा विचार, गप्प बसावं. एका सेकंदाचा तर प्रश्न आहे, कुणाला कळणार आहे? आणि मी खरंच गप्प बसलो. पुढचे आठ-दहा जण तसेच जाऊ दिले.

मग माझं लक्ष लांबच्या वळणाकडे गेलं. आता माणसं एकेकटी येत होती. दोघांमध्ये कधी अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटांचं अंतर. तेव्हा ट्यूब पेटली. गर्दीत एक टॅप चुकला तर माणसाचा एखादा सेकंद जातो. पण मागे, जिथे माणसं लांब लांब आहेत, तिथे त्याच चुकीने मिनिटं जातात. चूक माझी, पुढच्या घोळक्यात झालेली, आणि भुर्दंड सगळ्यात सावकाश चालणाऱ्यांना.

आणि त्यांच्यात एक बाई होत्या, साठी ओलांडलेल्या. सुरू व्हायच्या आधी माझ्याशी बोलल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गेले कित्येक शनिवार पन्नास मिनिटांच्या आत यायचा प्रयत्न चाललेला. गेल्या वेळी वीस सेकंदांनी हुकलं होतं.

मी ओरडलो, "शेवटचं टोकन कितवं दिलंत?" उत्तर आलं, "एकशे नऊ." माझ्या स्क्रीनवर एकशे आठ. दोऱ्यांच्या वाटेत त्या क्षणी कुणीच नव्हतं, म्हणजे शंकेला जागाच नाही. रन डायरेक्टरला, म्हणजे त्या दिवसाच्या प्रमुखाला, हाक मारली आणि सांगून टाकलं. आता बोलणी बसणार, अशी तयारी ठेवली होती. त्याने फक्त विचारलं, "कुठे सुटलं?" मी म्हटलं, "नव्वदपर्यंत बरोबर होतं. मग एका टी-शर्टमधले तिघं एकत्र आले, तिथे." त्याने कागदावर लिहून घेतलं. नंतर निकाल लावताना त्या जागी एक वेळ घातली आणि मागचे सगळे आपापल्या जागी आले. मी आणखी अर्धा तास गप्प राहिलो असतो, तर एक वेळ कमी आहे हे कळलं असतं, पण कुठे, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या बाई आल्या ४९:४१ ला. त्यांच्या मागचा माणूस दोन मिनिटांनंतर. अगदी शेवटी टेल वॉकर. हा स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे आलेल्यांपैकी कुणी शेवटचं ठरत नाही. त्याचा टॅप झाला आणि माझं काम संपलं.

पुढच्या शनिवारी बाईंनी मला फोनवरचा ईमेल दाखवला. "एकोणपन्नास एक्केचाळीस!" मी अभिनंदन केलं. त्या आकड्याच्या जागी जवळजवळ बावन्न मिनिटं दिसली असती, हे त्यांना अजून माहीत नाही. त्या मराठी पॉडकास्ट ऐकत असतील, तर मात्र आज कळेल.

तर मंडळी, तुमच्याही सोसायटीत, कॉलेजात, गावच्या मैदानावर रविवारचा पळणारा ग्रुप असेल. चिप-बिप काही लागत नाही. फोनच्या स्टॉपवॉचमधलं लॅपचं बटण, पुठ्ठ्याचे नंबर आणि नावं लिहायला एक वही, बस्स. दोन माणसं दोन फोनवर वेळ घेऊ द्या. दर वीस-पंचवीस जणांनंतर आकडा जुळवा. चुकलं असं वाटलं तर अंदाजाने बटण दाबू नका, मोठ्याने सांगा आणि कुठे चुकलं ते लिहून ठेवा. शेवटचा माणूस येईपर्यंत जागा सोडू नका.

आणि हो, फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका. आईला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात!