कर कोण भरतं?

‘कर आम्ही भरतो, तुम्ही नुसत्या सवलती घेता’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आपल्यातले कित्येक जण ते ऐकून गप्प बसतात. म्हणून आज साधा हिशेब मांडतो.

मोबाइलचं २९९ रुपयांचं रिचार्ज घ्या. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४६ रुपये, धरलेले असतात. महिना १२ हजार कमावणारा मालेगावचा यंत्रमाग कामगार ते भरतो आणि १ लाख २० हजार कमावणारा अधिकारीही तेवढेच भरतो. रक्कम एकच, पण मिळकतीच्या मानाने कामगारावरचा भार दहापट. प्राप्तिकर मिळकत बघून लागतो, जीएसटी गिऱ्हाइकाची मिळकत विचारत नाही.

हे दर बदलता येतात. २०१७ साली सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला. बायकांनी आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये तो शून्यावर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण-टूथपेस्टवरचा दर १८ वरून ५ टक्के झाला. रिचार्जवर मात्र १८ टक्के कायम राहिले.

तेव्हा शाळा, दवाखाना, शिष्यवृत्ती मागायला जाल तेव्हा ‘मेहेरबानी करा’ म्हणू नका. आपणही करदाते आहोत. हिशेब मागा.