आगाऊ वर्गणीचें संगीत

कलावंताला पोसावें कोणीं, हा प्रश्न कलेइतकाच जुना आहे. राजाच्या पदरीं असलेल्या गवयाला अन्नाची ददात नसे, पण राजाची मर्जी सांभाळावी लागे. पुढें राजे गेले आणि त्यांच्या जागीं ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या आल्या. त्यांनीं गाणें दुकानोदुकानीं पोंचविलें. मर्जी सांभाळण्याचें काम मात्र गवयाकडे पूर्वीप्रमाणेंच राहिलें. या दोघांनाही बाजूस सारून थेट श्रोत्याच्या आधारावर उभें राहतां येईल काय? इंग्लंडमधील मॅरिलियन या वाद्यवृंदाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला मिळालेलें एक प्रत्यक्ष उत्तर होय.

हा वृंद ज्या संप्रदायांतला, त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किंग क्रिमसन, येस, जेनेसिस आदि वृंदांनीं तो इंग्लंडमध्यें रुजविला. तीन मिनिटांचें सुटसुटीत गाणें सोडून वीस-वीस मिनिटांच्या रचना, मध्येंच पालटणारे ताल आणि सबंध मुद्रिकेला व्यापणारें एखादें कथासूत्र, हीं त्याचीं लक्षणें. १९७६-७७ च्या सुमारास पंक नांवाची रांगडी लाट उसळली आणि तिच्यापुढें हें संगीत डामडौलाचें व शिळें वाटूं लागलें. अशा ओहोटीच्या काळांत, १९७९ सालीं, बकिंगहॅमशर परगण्यांतील एल्सबरी या गांवीं हा वृंद उभा राहिला. टॉल्किनचा ‘सिल्मरिलियन’ हा ग्रंथ १९७७ मध्यें निघाला होता. त्याचेंच नांव वृंदानें प्रथम घेतलें आणि पुढें तें तोडून ‘मॅरिलियन’ केलें.

१९८१ सालीं फिश या टोपणनांवाचा धिप्पाड स्कॉटिश गायक येऊन मिळाला. १९८२ मध्यें ई. एम. आय. या बलाढ्य कंपनीनें पहिली मुद्रिका काढली, आणि १९८५ मधील ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ ही सलग गुंफलेली कृति ब्रिटनच्या विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यांतील ‘केली’ हें गाणें दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें. यशाबरोबर कलह आला. १९८८ सालीं फिश निघून गेला. १९८९ मध्यें स्टीव्ह होगार्थ हा निराळ्या कंठाचा व निराळ्या वृत्तीचा गायक आला. १९९४ ची ‘ब्रेव्ह’ ही खर्चिक व गंभीर कृति जाणत्यांनीं वाखाणली, परंतु पूर्वीइतकी खपली नाहीं. १९९५ नंतर ई. एम. आय. नें करार संपविला. ज्या वृंदाला दहा वर्षांपूर्वीं मखरांत बसविलें होतें, त्याला आतां धाकट्या कंपनीच्या दारीं जावें लागलें.

येथून खऱ्या कथेला आरंभ होतो. १९९७ सालीं अमेरिकेचा दौरा करण्याइतका पैसा वृंदापाशीं नव्हता; तूट सुमारें ६०,००० डॉलरची होती. संगणकांच्या जाळ्यावर, म्हणजे त्या वेळीं नवख्या असलेल्या इंटरनेटवर, ही अडचण अमेरिकेंतील चाहत्यांना कळली. त्यांनीं आपण होऊन खातें उघडलें, आपसांत वर्गणी गोळा केली आणि तूट भरून काढली. वृंदानें झोळी फिरविली नव्हती. श्रोत्यांनींच पुढाकार घेतला होता.

या घटनेचा अर्थ मॅरिलियननें नीट ओळखला. पुढील मुद्रिकेची वेळ आली तेव्हां कंपनीकडे अग्रिम रक्कम मागण्याऐवजीं चाहत्यांनाच विचारण्यांत आलें, कीं अद्याप जिचा एकही सूर बसलेला नाहीं अशा कृतीची किंमत आज द्याल काय? बारा हजारांहून अधिक लोकांनीं पैसे धाडले. त्या बळावर २००१ मध्यें ‘अनोरॅकनोफोबिया’ तयार झाली. तिचे हक्क वृंदाकडेच राहिले. आणि मौज अशी, कीं बाजारांत ती पोंचविण्याचें काम पूर्वीं करार संपविणाऱ्या ई. एम. आय. नेंच पत्करलें. पुढें २००४ च्या ‘मार्बल्स’साठीं पुन्हां आगाऊ पैसा जमला, आणि वर्गणीदारांचीं नांवें त्या मुद्रिकेच्या विशेष आवृत्तीसोबतच्या पुस्तकांत छापण्यांत आलीं. आगाऊ वर्गणी जमवून ग्रंथ छापणें आणि आश्रयदात्यांची यादी त्यांतच देणें ही चाल मराठी वाचकाला अपरिचित नाहीं. पण संगीताच्या आधुनिक बाजारांत ती नवी होती. याच कामासाठीं पुढें गाजलेली किकस्टार्टर ही संस्था २००९ मध्यें निघाली.

येथें एक शंका उभी राहते. पैसा देणारा तो धनी. मग एका धन्याऐवजीं बारा हजार धनी झाले असें नव्हे काय? जुन्या गायकाचीं जुनीं गाणीं हवीं असणारे श्रोते तर त्यांत होतेच. परंतु वर्गणी कोणत्या गोष्टीची, हें प्रथमपासून स्पष्ट होतें. श्रोत्यानें भरंवसा दिला. चाल कशी असावी हें सांगण्याचा अधिकार विकत घेतला नाहीं. २०१६ च्या मुद्रिकेंत पंधरा मिनिटांहून दीर्घ अशा तीन रचना आहेत, आणि पैशाची हाव व सत्तेची मग्रुरी हा त्यांतील मुख्य विषय आहे. लोकांची खुशामत करणाऱ्याची ही रीत नव्हे. तरीही ती मुद्रिका ब्रिटनच्या यादींत चौथ्या क्रमांकावर आली, आणि २०२२ ची ‘ॲन अवर बिफोर इट्स डार्क’ दुसऱ्या.

या उदाहरणाची मर्यादाही ध्यानांत ठेवली पाहिजे. ते बारा हजार श्रोते आकाशांतून पडले नव्हते. त्यांतील पुष्कळांच्या कानीं हें नांव प्रथम गेलें तें कंपनीच्या पैशानें व जाहिरातीनेंच. ज्याला अजून कोणी ओळखत नाहीं, अशा नवख्या गवयाला आगाऊ वर्गणी कोण देणार? स्वातंत्र्याचा हा मार्ग ज्याच्यामागें श्रोते आधींच उभे आहेत त्याच्यासाठीं मोकळा आहे. बाकीच्यांना तो अद्यापि चढणीचाच आहे.

मात्र श्रोते मिळविणें ही एक गोष्ट आणि राखणें ही दुसरी. पहिली कंपनीला साधली. दुसरी वृंदाला स्वतःच साधावी लागली. १९८९ सालापासून तेच पांच जण एकत्र राहिले, आणि वर्गणी घेतलेली कृति श्रोत्यांच्या हातीं वेळोवेळीं पडत गेली. न ऐकलेल्या गाण्याचे पैसे मोजणारा श्रोता पूर्वीं ऐकलेल्या गाण्यांवर विसंबून ते मोजत असतो. अशा वर्गणीची फेड करण्याचा एकच मार्ग असतो: पुढचें गाणें मनापासून रचणें.